झाडीतला डिस्क गोल्फ: मुंबईत कुणी खेळतं का?

बोरिवली_पूर्व

धागा काढायचं कारण साधं आहे. डिस्क गोल्फ हा खेळ मुंबईत किंवा आसपास कुणी खेळतं का, हे विचारायचंय. कामानिमित्त फिनलंडमध्ये एस्पोला होतो, तिथे हे वेड लागलं. परत आल्यापासून डिस्कची पिशवी माळ्यावर पडून आहे आणि घरातून 'देऊन टाक कुणाला तरी' असा तगादा सुरू झालाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गोल्फच, पण काठी-चेंडूऐवजी तबकडी. टी-पॅडवरून (सुरुवातीच्या फेकीचा सपाट चौथरा) फेकायची, जिथे पडेल तिथून पुढची फेक, आणि शेवटी साखळ्या लोंबणाऱ्या लोखंडी बास्केटमध्ये घालायची. टी-पॅडपासून बास्केटपर्यंतचा एक टप्पा म्हणजे एक होल; असे ९ किंवा १८ होल, कमीत कमी फेकींत संपवेल तो जिंकला. पार (होलसाठी अपेक्षित फेकी), बर्डी (एक कमी), बोगी (एक जास्त) सगळं गोल्फचंच. फक्त क्लबची मेंबरशिप नाही, कॅडी नाही. फिनलंडमध्ये बहुतेक कोर्स फुकट आहेत, कधीही जा आणि खेळा.

मोकळ्या मैदानावरचे कोर्स मला फारसे भावले नाहीत. तिथे ज्याचा हात लांब जातो त्याचं राज्य. झाडीत गणित पालटतं. टी-पॅडवर उभं राहिलं की समोर पाइन आणि स्प्रूसची खोडंच खोडं, मधून चार-पाच मीटर रुंद वाट, तीही पुढे जाऊन डावीकडे वळलेली. बास्केट दिसतच नाही. अशा ७०-८० मीटरच्या होलवर लांब फेकणाऱ्याला त्याच्या ताकदीचा काडीचा उपयोग नाही. सरळ जाणारी मिडरेंज (मधल्या पल्ल्याची डिस्क) किंवा चक्क पटर (जवळून बास्केटमध्ये घालायची डिस्क) घ्यायची, हात आवरायचा आणि नेमकी कुठल्या दोन खोडांमधून काढायची ते आधी ठरवायचं. कॅरममध्ये नवखा माणूस जोरात स्ट्रायकर मारतो आणि जुना खेळाडू कट मारून सोंगटी अलगद ढकलतो, तसाच हा फरक. 'जाईल कुठूनतरी' म्हणून फेकलेली डिस्क पहिल्याच खोडावर टक् करून आपटते, आणि आडव्या झाडीत शिरली की तिथून पुढे जायचा मोह सोडून निमूट वाटेवर परत काढावी लागते. एक फेक गेली, पण पुढच्या तीन वाचल्या.

आता मुद्द्याचं: निगराणी. चांगला राखलेला जंगल-कोर्स लगेच ओळखू येतो. टी-पॅड सपाट, कडा उखडलेल्या नाहीत, पावसातही पाय सटकत नाही. शेजारी फलक: होलचा नकाशा, अंतर, पार, कुठे गेलं की आउट ऑफ बाउंड्स. बास्केटवरून निघालं की पुढच्या टीकडे जाणारा बाण. वाटेवरचं गवत कापलेलं, पण कडेची झुडपं तशीच. ती इतकी दाट नाहीत की डिस्क हरवेल, इतकी विरळही नाहीत की चूक माफ होईल. हा तोल राखणं फार अवघड असतं. बास्केटभोवती माणसांच्या येण्याजाण्याने मुळं उघडी पडतात, तिथे लाकडाचा भुगा पसरलेला. दलदल असेल तिथे फळ्या टाकलेल्या. एकेका होलला बास्केटच्या दोन-दोन जागा: जमिनीत नळी पुरलेली असते, बास्केट उचलून दुसरीकडे लावायची, म्हणजे पहिल्या जागेला दम खायला वेळ मिळतो. वादळात झाड आडवं पडलं तर बऱ्याचदा ते तसंच ठेवतात, होल आणखी मजेशीर होतो. आणि हे बरचसं काम स्थानिक क्लबची माणसं संध्याकाळी येऊन करतात.

बोरिवलीत राहून असं काही दिसलं की हात शिवशिवणारच ना? झाडं आपल्याकडे आहेत. बाकीचं कसं जमेल?

ठाणे स्लो

फिनलंडच्या जंगलात अस्वल असतं म्हणतात, आपल्याकडे बिबट्या. म्हणजे अर्धी तयारी झालीच आहे. :)

गंमत सोडा, खर्च किती येतो? आणि एवढ्या डिस्क कशाला, एक पुरत नाही का?

बोरिवली_पूर्व

@ठाणे स्लो, एक पुरते. खरं तर नवख्याने एक पटर आणि एक मिडरेंज एवढ्यावरच खेळावं. तिथे नवी डिस्क साधारण १० ते २० युरोला मिळते, एकदा घेतली की वर्षानुवर्षं टिकते. हरवली नाही तर. अधिकृत नियमांत हरवलेली डिस्क शोधायला तीन मिनिटं असतात, मग एक फेक दंड. ऑक्टोबरमध्ये बर्चची पिवळी पानं पडली की पिवळी डिस्क घेऊन जाणारा माणूस खेळायला नाही, शोधायला गेलेला असतो. गुलाबी घ्या.

बहुतेक डिस्कवर चार आकडे छापलेले असतात: स्पीड (किती वेगाने फेकावी लागते), ग्लाइड (हवेत किती तरंगते), टर्न (सुरुवातीला किती वळते), फेड (शेवटी किती वळते). दुकानात सगळे पहिला आकडा बघून १२-१३ स्पीडचे ड्रायव्हर (लांब फेकीच्या डिस्क) उचलतात. तेवढ्या वेगाने हात फिरत नसेल तर ती डिस्क थोडं पुढे जाऊन डावीकडे कोसळते. झाडीत ४-५ स्पीडची घ्या. इनोव्हा कंपनीच्या माको३ या मिडरेंजवर ५, ५, ०, ० असतं, म्हणजे शेवटपर्यंत जवळपास सरळ. माझी लाडकी.

रानवेडी

लेख आवडला, पण 'झाडं आपल्याकडे आहेत' या वाक्याला सक्त आक्षेप. बोरिवलीची झाडं ही राष्ट्रीय उद्यानाची झाडं आहेत. १०४ चौरस किलोमीटरच्या आसपासचं ते संरक्षित क्षेत्र आहे, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा तिथे लागू आहे. आरेतली ८०० हून अधिक एकर जमीन आता राखीव वन आहे. तिथे ना टी-पॅड होणार ना फलक, आणि होऊही नये. पायवाट सोडून शंभर माणसं रोज झुडपांत डिस्क शोधत फिरली तर पहिल्या पावसाळ्यानंतर रोपं उगवणंच बंद होईल. पायाखाली माती दाबली जाते, पाणी मुरत नाही. तुम्ही स्वतःच लिहिलंय की बास्केटभोवती मुळं उघडी पडतात. ती फिनलंडमध्ये पडतात, जिथे धोधो मोसमी पाऊस नाही. आपल्याकडे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो, त्या उताराचं काय होईल?

बोरिवली_पूर्व

रानवेडीताई, उद्यानात कोर्स काढा असं मला म्हणायचं नव्हतंच, पण वाक्य तसं वाचलं जातं हे खरं. आरे आणि राष्ट्रीय उद्यान या दोन्ही जागा चर्चेतून बाद.

मातीबद्दल पूर्ण सहमत. म्हणूनच निगराणीवर इतकं लिहिलं. ज्या कोर्सवर भुगा टाकायला आणि बास्केट हलवायला माणूस नाही, तो कोर्स काही वर्षांत नुसता मुळांचा पसारा होतो, असे कोर्सही पाहिलेत. एक गोष्ट मात्र खेळाच्या बाजूने: नियमच असा आहे की खेळाडूने अडचण होते म्हणून फांदी मोडायची नाही, वाकवून बांधायचीही नाही. झुडपाला कमीत कमी धक्का लागेल असंच उभं राहायचं. जमिनीवर पडलेली सुटी काटकी-पानं तेवढी बाजूला करता येतात.

खडूस काका

नियम पुस्तकात असतो. मैदानात आपली माणसं असतात.

पेपर_पटर

उत्तर कॅरोलिनातून, शार्लटहून. दादरचा मूळ रहिवासी. हा विषय इथे बघून चाटच पडलो. आमच्याकडचे कोर्स बहुतेक झाडीतलेच, ओक आणि पाइन, उन्हाळ्यात पानं इतकी दाट की भर दुपारी सावलीत खेळता येतं. आईबाबा आले की त्यांना घेऊन जातो. आई खेळत नाही, पण माझी डिस्क कुठे पडली ते तिलाच बरोबर दिसतं.

थोडा इतिहास टाकतो. लोक आधी झाडाला, दिव्याच्या खांबाला, जे सापडेल त्याला मारून खेळायचे. मग 'लागली' आणि 'नाही लागली' यावर भांडणं. फ्रिसबीच्या व्हॅम-ओ कंपनीत काम केलेले एड हेड्रिक यांनी १९७५ मध्ये लॉस एंजेलिसजवळ ओक ग्रोव्ह इथे पहिला कायमस्वरूपी कोर्स आखला. तिथेही सुरुवातीला खांबच होते. साखळ्यांची बास्केट त्यांचीच, पेटंट १९७७ चं. साखळीत अडकून आत पडली की वाद मिटला. पीडीजीए ही डिस्क गोल्फ खेळाडूंची संघटनाही त्यांनीच १९७६ मध्ये काढली. २००२ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची राख प्लास्टिकमध्ये मिसळून डिस्क बनवल्या.

ठाणे स्लो

म्हणजे रामकुंडाऐवजी बास्केट! आमचे आजोबा तयार झाले नसते.

पेपर_पटर

:D आमचेही नाही.

आणि यूट्यूबवर जेम्स कॉनरॅडचा २०२१ चा शॉट बघाच. जागतिक स्पर्धा, युटामधलं ऑग्डन, शेवटचा होल, पॉल मॅकबेथपेक्षा एका फेकीने मागे. सुमारे ७५ मीटरवरून त्याने थेट बास्केटमध्ये घातली, बरोबरी केली आणि प्लेऑफमध्ये जगज्जेता झाला. ज्यांना खेळातलं ओ की ठो कळत नाही त्यांच्याही अंगावर काटा येतो.

भौतिक_भोपळा

बोरिवली_पूर्व यांनी 'डावीकडे कोसळते' लिहिलंय, पण का ते नाही लिहिलं. राहवत नाही म्हणून.

उजव्या हाताने बॅकहँड फेकली की डिस्क वरून बघता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. वेग कमी झाला की हवेचा उचलणारा जोर तिच्या मध्यापेक्षा पुढे लागतो, म्हणजे नाक वर करू पाहतो. पण ती गिरकी घेत असल्यामुळे तो झटका नाकाला लागत नाही, ९० अंशांनी फिरून बाजूला लागतो, आणि डिस्क डावीकडे कलते. सुरुवातीला वेग जास्त असताना उलट होतं, जोर मध्याच्या मागे असतो, म्हणून काही डिस्क आधी थोड्या उजवीकडे जातात आणि मग डावीकडे. डावखुऱ्यांचं सगळं आरशातलं. फोरहँड फेकली तर गिरकी उलटी, कलणंही उलटं.

म्हणून वाट उजवीकडे वळत असेल तर उजव्या हाताचा माणूस फोरहँड घेतो. किंवा बॅकहँडच घेतो, पण डिस्क सोडतानाच तिची बाहेरची कड वर ठेवून. ते म्हणतात ॲनहायझर.

बोरिवली_पूर्व

भोपळासाहेब, दंडवत. मी जे हातानं शिकलो ते आत्ता कळलं.

चौपाटी_अल्टिमेट

आम्ही काही जण वाळूत अल्टिमेट (फ्रिसबीचा सांघिक खेळ) खेळतो, त्यामुळे फेकायची सवय आहे. एक इशारा द्यावासा वाटतो. आमची तबकडी १७५ ग्रॅमची, पण व्यास २७ सेंटीमीटर आणि कड गोल. ती झेलण्यासाठीच बनलेली असते. गोल्फची डिस्क २१ सेंटीमीटरच्या आसपास, वजन जवळपास तेवढंच, आणि ड्रायव्हरची कड पातळ. ती झेलायची नसते. कपाळावर बसली तर टाके. त्यामुळे 'शिवाजी पार्कात जाऊन फेकून बघू' असलं काही कृपया करू नका. तिथे एका वेळी आठ क्रिकेट मॅच, जॉगिंगवाले आजोबा आणि पोरं. समोर कुणी नाही याची खात्री नसेल तर फेकायचीच नाही, हा यातला पहिला नियम असायला हवा.

शिवाय आपली भटकी कुत्री. वाळूत आमची डिस्क घेऊन एक पठ्ठ्या पसार झाला होता.

मीनल_पार्ले

मला यातलं काही कळत नाही, पण वाचायला मजा येतेय. एक शंका. वडील साठीच्या पुढचे, गुडघे कुरकुरतात, चालायचा मात्र आळस नाही. त्यांना जमेल का? की हा तरुण पोरांचाच खेळ?

पेपर_पटर

मीनलताई, अगदी जमेल. आमच्या शनिवारच्या गटात सत्तरीतले दोघे आहेत आणि झाडीत ते आम्हाला धुतात. लांब फेकताच येत नाही, त्यामुळे झाडांत घुसायचा प्रश्नच येत नाही. प्रत्येक फेक वाटेच्या मधोमध. १८ होलला दोन-अडीच तास चालणं होतं. फक्त धावत येऊन फेकायचं नाही, उभ्यानं फेकायचं, आणि खांदा आधी गरम करायचा. मुळांवर पाय जपायला मात्र सांगा.

खडूस काका

सगळं ठीक आहे. मुंबईत जागा कुठे ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

महालक्ष्मी रेसकोर्सची १२० एकर पालिकेकडे आली म्हणतात, पण ते मोकळं माळरान, झाडी नाही. माहीमचं निसर्ग उद्यान कचऱ्याच्या डेपोवर उभं राहिलं हे कौतुकाचं, पण तिथे फुलपाखरं बघायला माणसं येतात, त्यांच्या डोक्यावरून डिस्क फेकणार का? आणि समजा कुठे बास्केट लावलीच. गटाराची लोखंडी झाकणं चोरीला जाणाऱ्या शहरात साखळ्या किती रात्री टिकतील? सकाळी खांब उरेल. दुपारी खांबही नाही.

उनाड

काका, अगदी खरं. :) पण यात एक मार्ग आहे. जुन्या संस्थांची आवारं बघा: कॉलेजं, संशोधन संस्था, रेल्वेच्या आणि गोदीच्या वसाहती. पर्जन्यवृक्ष, सोनमोहर, आंबा, मोठ्या सावलीची जुनी झाडं, खाली फारसं रान नाही, कुंपण आहे, रखवालदार आहे. चोरी नाही, बिबट्या नाही (पवईला तोही येतो म्हणा). परवानगी मिळाली तर नऊ होल सहज बसतील. सिमेंटचे पॅड नकोतच. सुट्या घडीच्या बास्केट न्यायच्या, खेळायचं, उचलून आणायच्या.

रानवेडी

@उनाड, हे पटतंय. लावलेली, माणसांत वाढलेली झाडं आहेत ती, तिथे माझा विरोध नाही. दोन अटी. बास्केटची जागा दर वेळी बदला, आणि झाडाच्या बुंध्याजवळ लावू नका. कोवळ्या सालीवर रोज डिस्क आपटली की साल फाटते आणि तिथून बुरशी शिरते. बाहेर काही ठिकाणी टीसमोरच्या खोडांना पट्ट्या गुंडाळलेल्या असतात त्या त्यासाठीच ना?

आणि 'लाइन मोकळी करू' म्हणून फांद्या छाटायला निघू नका. १९७५ च्या राज्याच्या वृक्ष कायद्याखाली शहरात छाटणीलाही पालिकेची परवानगी घ्यावी लागते. (तिकडे पहिला कोर्स निघाला त्याच वर्षी इकडे झाडं वाचवायचा कायदा झाला, हे बरं जमलं.)

बोरिवली_पूर्व

हो ताई, पट्ट्या त्यासाठीच. काही ठिकाणी टीसमोर मोडक्या खोडाचे ओंडके उभे रोवतात, पहिला मार ते खातात.

फांदी न छाटता होल आखणं हीच यातली खरी कारागिरी. आधी बास्केट ठोकून मग वाट पाडायची नाही. आधी झाडांमधून आपोआप दिसणाऱ्या वाटा चालून बघायच्या आणि त्यांना होल म्हणायचं. आपल्याकडे बास्केट सुटीच असेल तर हे आणखी सोपं, आज इकडे, पुढच्या आठवड्यात तिकडे. पावसाळ्यात मात्र बंद ठेवू. चिखलात पाय रोवून फेकलं की गुडघा जातो आणि गवतात साप असतात. नोव्हेंबर ते मे पुरे.

उनाड, तुमच्या ओळखीत कुठल्या आवाराचे सचिव वगैरे आहेत का? विपू (विचारपूस) करा.

उनाड

केली आहे. आमच्या आवारात विचारतो, बहुधा रविवारी सकाळी सात ते नऊ देतील. मुलं सायकली घेऊन उतरायच्या आत संपवायचं.

पण बास्केट? बाहेरून मागवली तर वजनामुळे पाठवणावळच अवाढव्य होते.

चौपाटी_अल्टिमेट

बाहेरून कशाला? फॅब्रिकेशनवाला मेव्हणा आहे कुर्ल्याला. मापं द्या, रविवारच्या आत एक नमुना करून देतो.

बोरिवली_पूर्व

हे घ्या. खालच्या टोपलीची वरची कड जमिनीपासून ८२ सेंटीमीटर, सहा सेंटीमीटर इकडेतिकडे चालतं. मधला खांब जीआय पाइपचा, वरती गोल पट्टी, तिथून साखळ्या खाली येऊन खांबाला एका कडीत अडकवायच्या. साखळ्यांची बाहेरची एक रांग आणि आतली एक. एकच रांग केली तर जोरातली डिस्क सरळ पलीकडे निघून जाते. बेस मोठा आणि जड ठेवा, नाहीतर वाऱ्यात पडेल. पाय स्क्रूचे करा, रिक्षात बसलं पाहिजे.

चौपाटी_अल्टिमेट

साखळी किती जाड?

बोरिवली_पूर्व

फार जाड नको. नागदेवीच्या बाजारात किलोवर मिळेल, गॅल्व्हनाइज्ड बघा, साधी घेतली तर जूनमध्ये गंजेल. आणि मेव्हण्यांना सांगा, ताणून बांधू नका. सैल लोंबली पाहिजे. ताणली की डिस्क तिच्यावरून उसळून बाहेर पडते.